बाबा, अजून सहा दिवस

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं ‘होय होय’ करतात, म्हणून लिहून फोटो पाठवतेय. आई, मोठ्याने वाच.

बाबांना पेडव्याचं तिखलंही कडू लागतंय म्हणे, आणि वर ‘माका आता बरा वाटता, गोळये कित्याक?’ बाबा, तो कडवटपणा त्यातल्याच एका गोळीचा. अल्सरच्या औषधाचे १४ पैकी ८ दिवस झाले, उरलेले काढा. दुखायचं थांबलं म्हणजे अल्सर करणारे जठरातले जंतू मेले असं नाही. अर्धवट औषधातून तगलेले निब्बर होतात, मग तीच गोळी लागू पडत नाही.

दुर्बिणीने पोट तपासलं तेव्हा आतला कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलीत ठेवला होता, ती गुलाबी झाली, म्हणजे जंतू आहेत. आई, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसंच. हे जंतू अमोनिया सोडतात, तोही साबणासारखाच आम्लाच्या उलट, आणि त्याच्या आडोशाने जठरातल्या आम्लात जगतात. तुम्ही इतकी वर्षं आईच्या तिखटाला बोल लावलात! पूर्वी डॉक्टरसुद्धा तिखट नि काळजीवरच खापर फोडायचे. १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी हे जंतू स्वतःच पिऊन पाहिले. जठराला सूज आली, उलट्या झाल्या. (घरच्यांनी काय झापलं असेल!) २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

पण अल्सरचा सगळा दोष जंतूंचा नाही. गुडघ्याची ती गोळी तुम्ही दुकानातून सुटी आणून उपाशीपोटी चहाबरोबर घेत होतात. जठराच्या अस्तराला संरक्षण असतं, तेच ती गोळी कमी करते. आई, फडताळातल्या बिस्किटांच्या डब्यात अजून दोन पट्ट्या आहेत. मी पाहिल्यात. टाकून दे. गुडघा दुखला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी. पित्ताची मात्र नाश्त्याआधी अर्धा तास.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, रक्ताची उलटी झाली किंवा घेरी आली, तर मला विचारत बसू नका. शेजारच्यांची गाडी काढून थेट कणकवलीला दवाखान्यात जा. रात्र असली तरी.

कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी फुंकर मारायची तपासणी आहे, जंतू गेले का ते कळायला. दुर्बीण नाही, घाबरू नका! त्याआधी पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते. ती कधी थांबवायची ते मी डॉक्टरांना विचारून कळवते, आपल्या मनाने नको. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं मी काढते. आई, येताना सुके बांगडे आण, पण वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांध. मागच्या वेळी अख्खा डबा आपल्याकडे बघत होता.

तुमची,
बाय