निधर्मी लग्नालाच तीस दिवसांची टांगती तलवार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘धर्माचा धाक उरला नाही म्हणून नीती उरली नाही,’ हे वाक्य पुण्यात व्याख्यानमालांपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते आणि वाचकांच्या पत्रांतही अधूनमधून डोकावते. मला ते पटत नाही. नीती ढासळल्याचे खापर ज्या निधर्मी जीवनपद्धतीवर फोडले जाते, ती प्रामाणिकपणे आचरू पाहणाऱ्या माणसाला आपला कायदा आणि आपला समाज कसे वागवतात, हे आधी पाहायला हवे. माझा अनुभव असा की खोटे वागणाऱ्याची वाट येथे मोकळी असते आणि खरे बोलणाऱ्याला खोळंबून राहावे लागते. लग्नाच्या बाबतीत हे जितके उघड दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

जात-धर्म न विचारता कोणत्याही दोन प्रौढ नागरिकांचे लग्न लावून देणारा कायदा म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यानुसार वधूवरांनी विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, नोंदवहीत चढते, आणि ही नोंदवही कोणीही येऊन विनाशुल्क पाहू शकतो. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही झळकते. तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत अवाजवी ठरली तर घेणाऱ्याला भरपाई म्हणून जास्तीत जास्त किती भुर्दंड बसतो? एक हजार रुपये. ही रक्कम १९५४ पासून तशीच आहे.

परिचितांच्या मुलीच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभे राहण्याच्या निमित्ताने मी असा एक फलक जवळून पाहिला. काचेच्या चौकटीत एकावर एक टाचलेले कागद, प्रत्येकावर दोघांचे नाव, वय, व्यवसाय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता, आणि अविवाहित की घटस्फोटित याचीही नोंद. एक गृहस्थ मोबाइलने एकामागून एक कागदाचे फोटो काढत होते. त्यांचे तेथे काय काम आहे, असे कोणी विचारले नाही आणि कायद्याप्रमाणे विचारण्याचे कारणही नव्हते. घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्या मुलीचा पत्ता ज्यांच्या हाती पडू नये, नेमका त्यांच्याचसाठी तो सरकारने भिंतीवर लावून ठेवला होता. आपल्या राज्यात मुलीच्या लग्नापायी तिचे रक्त सांडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ गैरसोयीचा आहे असे मी मानत नाही.

याउलट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशी नोटीस नाही. ‘आळंदीला जाऊन लग्न केले’ याचा अर्थ पुणेकरांना समजावून सांगावा लागत नाही. सकाळी कागदपत्रे द्यावीत, गुरुजी बोलवावेत, अंतरपाट धरावा, सप्तपदी घालावी आणि संध्याकाळी नवराबायको म्हणून घरी यावे. ज्यांचा या विधींवर काडीचा विश्वास नाही, अशी कितीतरी मुलेमुली तीस दिवसांची टांगती तलवार नको म्हणून होमासमोर बसतात. ज्या मंत्रांचा अर्थ त्यांना मान्य नाही, त्या मंत्रांच्या साक्षीने ती आयुष्याची शपथ घेतात. दोघांपैकी एक हिंदू आणि दुसरा मुसलमान असेल, तर हीदेखील सोय नाही. मग एकाने नावापुरते धर्मांतर करावे, नाही तर महिनाभर जीव मुठीत धरून राहावे. लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतरावर सभा गाजवणाऱ्यांनी त्या धर्मांतराकडे ढकलणारी ही अट कधी वाचली आहे का, असा मला प्रश्न पडतो.

या अटीला इतिहास आहे. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात अशा जोडप्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणताही धर्म मानत नाही, असे जाहीर करावे लागे आणि नोटिशीची मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने ते प्रतिज्ञापन काढून टाकले, हे योग्यच झाले. पण चौदा दिवसांचे तीस केले. इंग्रजांच्या त्या कायद्याच्याच सुमारास, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षाअखेर भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. लग्न ही दोन माणसांनी एकमेकांना दिलेल्या वचनाची गोष्ट आहे, मध्यस्थाची नाही, हा विचार याच शहरात मांडला गेला. फुलेवाड्यात दरवर्षी हार घालायला सर्व पक्षांचे नेते येतात, पण या नोटिशीविरुद्ध त्यांपैकी कोणी विधानसभेत आवाज उठवल्याचे मला आठवत नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही याला अपवाद नाहीत, आणि याचे मला अधिक वाईट वाटते.

नोटिशीमुळे मुलींची फसवणूक टळते, हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण तो करणारे बहुतेक आईवडील मनापासून काळजीने बोलतात. परंतु वय कागदपत्रांवरून तपासता येते आणि पहिले लग्न लपवून दुसरे करणे हा गुन्हाच आहे. शिवाय फसवणुकीचा धोका मांडवातल्या लग्नात कमी असतो असे मानायला आधार कोणता? तो धोका खरोखर टाळायचा असता तर नोटीस सर्वच लग्नांना लावली गेली असती. ती मुख्यतः धर्माचे कुंपण ओलांडणाऱ्यांना आणि धार्मिक विधी नाकारणाऱ्यांना लागते, यावरून तिचा खरा उपयोग कोणाला होतो हे कळते.

राज्य सरकारची भूमिकाही सुसंगत नाही. एकीकडे आंतरजातीय विवाहाला ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन द्यायचे, आणि दुसरीकडे डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमायची. टीका झाल्यावर त्यातून ‘आंतरजातीय’ वगळले गेले, आंतरधर्मीय मात्र राहिले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितले. जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. पण तो आपल्या राज्यातील विवाह अधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही.

ही अट बदलण्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याची गरज नाही. विवाह हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे. महाराष्ट्राचे विधिमंडळ या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवू शकते. नोटीस फलकावर लावण्याची आणि नोंदवही कोणालाही दाखवण्याची तरतूद काढावी, कागदपत्रांची तपासणी अधिकाऱ्याने स्वतः ठरावीक दिवसांत संपवावी, आणि खोडसाळ हरकतीला जरब बसेल असा दंड ठेवावा, एवढीच ही दुरुस्ती आहे. पुण्यातील आमदारांपैकी कोणी येत्या अधिवेशनात हे अशासकीय विधेयक मांडण्यास तयार आहे का, हे त्यांनी आपल्याच वृत्तपत्रातून जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे