आजीचं बोलणं अशुद्ध कसं?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला प्राध्यापकबाईंचा लेख वाचला. घरची भाषा अभ्यासाच्या लिखाणात आली पाहिजे, अमेरिकेत कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने 1974 सालीच तसा ठराव केला, सगळं पटलं. पण बाई, अमेरिका राहू द्या, एकदा ठाणे-बेलापूर रोडवर या.

माझी भाची समाजशास्त्रात एमए करते. प्रोजेक्ट घेतला गावातल्या बायकांवर, ज्यांची भातशेती आणि मिठागरं नवी मुंबई वसताना गेली. पहिलीच मुलाखत तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची. आईला आमची आगरी बोली सोडून दुसरं बोलता येत नाही. पोरीने मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री जागून जसंच्या तसं उतरवून काढलं. आई म्हणालेली, ‘जमीन घेताना मना कोनी इचारलाच नाय.’ गाईडने त्यावर लाल पेनाने काट मारली आणि वर लिहून दिलं, ‘भूसंपादनावेळी माझी संमती घेण्यात आली नव्हती.’ बाजूला शेरा, भाषा अशुद्ध.

असलं वाक्य आमची आई जन्मात बोललेली नाही. कोर्टात साक्षीदाराचं म्हणणं असं कुणी बदललं तर चालेल का? मग संशोधनात कसं चालतं? आणि मार्क गेले त्याचं एवढं नाही, पण त्यानंतरच्या सगळ्या मुलाखती पोरीने स्वतःच ‘शुद्ध’ करून दिल्या, कुणी सांगायच्या आधीच, त्याचा मला जास्त राग आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच कॉलेजात रांगोळ्या काढल्या, पेढे वाटले. 2023 मध्ये यूजीसीने विद्यापीठांना कळवलंय की कोर्स इंग्रजीतला असला तरी पोरांना परीक्षेत स्थानिक भाषेत लिहू द्या. मग आगरी काय परदेशातून आली? बहिणाबाईंच्या कविता शाळेत त्यांच्याच बोलीत शिकवतात, तिथे कुणी लाल पेन काढत नाही. कवितेत बोली गोड आणि प्रोजेक्टमध्ये अशुद्ध, हा कुठला न्याय?

भाचीने स्वतःचं विवेचन प्रमाण मराठीतच लिहिलं होतं, त्याबद्दल तक्रारच नाही. पण बोलणाऱ्याचं बोलणं तरी त्याचं राहू द्या, एखादा शब्द अडला तर खाली अर्थ द्या. याच जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात लोकांनी गोळ्या झेलल्या, पाच जण गेले, त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या टक्के विकसित जमीन मालकाला परत द्यायची. त्या लोकांवर पीएचड्या करायच्या आणि त्यांनाच त्यांच्या तोंडचं बोलू द्यायचं नाही? विद्यापीठाने मुलाखतीची भाषा बदलायची नाही असा लेखी नियमच काढावा, म्हणजे हे गाईडच्या मर्जीवर राहणार नाही.

जाता जाता तुमच्याबद्दलही. प्रकल्पग्रस्तांच्या मोर्चाच्या बातमीत आमच्या गावच्या काकूंचं म्हणणं तुम्ही अवतरणचिन्हात छापलं होतं, आणि काकू त्यात चक्क वकिलासारख्या बोलत होत्या. त्या तशा बोलल्या नव्हत्या, मी शेजारीच उभी होते. तुमच्या वार्ताहरांना तेवढं सांगा, आणि हे पत्र छापलंत तर आईचं वाक्य आहे तसंच छापा.

एक वाचक, घणसोली गाव, नवी मुंबई