रविवारच्या सभेला घरातली तरुण पोरं सोबत आणा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता तालमीच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा आहे. यंदा कार्यकारिणीतल्या दोन जागा पंचविशीच्या आतल्यांसाठी ठेवायचा प्रस्ताव आहे, त्यातली एक मुलीसाठी. नुसतं नाव लावायला नव्हे. मताचा अधिकार आणि एकेका कामाचा हिशेब त्यांच्याच हातात.

मागच्या सभेत आपली पोरं दारात उभी राहून चहा वाटत होती. त्यातल्याच एका मुलीच्या वहीत गल्लीतले बंद दिवे खांबानिशी, तारखेनिशी लिहिलेले होते. ती वही आपण कुणी मागितलीच नाही. मला अजून वाईट वाटतं. गणपतीची वर्गणी, मांडव, पुराच्या वेळी रात्र-रात्र जागणं हे सगळं पोरांवर सोपवतो, मग निर्णयाच्या वेळीच ती लहान कशी होतात?

शाहू महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आज महापालिकेची निवडणूक २१ व्या वर्षी लढवता येते.

ज्येष्ठांना हात जोडून विनंती, पहिला अर्धा तास पोरांना बोलू द्या, मधे तोडू नका. पुढं वर्षभर प्रत्येकानं एकाला सोबत घेऊन वॉर्ड ऑफिस दाखवावं, अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची ते शिकवावं.

अठरा पूर्ण झालेल्यांनी मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि फोटो आणावा. आणि ती वहीसुद्धा आण गं.

– सचिव