तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरकाकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. ऑक्टोबरमधला शनिवार, लंडनमधला कॅम्डेन टाउनचा स्टॉप, दुपारचे साडेतीन-पावणेचार, भुरभुर पाऊस. स्टॉपवर दोन मुली, एक उभी आणि एक व्हीलचेअरवर. एवढ्यावरून आठवतंय का बघा. कदाचित आठवणारही नाही, कारण तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते रोजच करत असणार असं मला वाटतं. आम्ही लीड्सला परतून बारा दिवस झाले. या बारा दिवसांत तुमचा विषय निघाला नाही असा एकही दिवस गेला नाही. म्हणून हे पत्र.

थोडं मागचं सांगते. लंडन माझं लाडकं शहर. गेल्या वर्षी शिकायला इंग्लंडला आले आणि पहिल्याच महिन्यात स्वस्तातलं तिकीट काढून एकटीच लंडनला गेले. तीन दिवस नुसती पळत होते. एंजल स्टेशनचा सरकता जिना अंडरग्राउंडमधला, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतला, सगळ्यात लांब, 61 मीटरचा. तो मी उगाचच दोनदा खाली-वर केला. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग सोडून 193 पायऱ्यांचा गोल जिना चढले, वर पोचल्यावर धाप लागली आणि मीच खूश झाले. घरी फोन करून सांगितलं, आई, हे शहर माझंय.

यंदा मैत्रीण म्हणाली, मलाही दाखव तुझं लंडन. ती सावंतवाडीची. लहानपणापासून व्हीलचेअरवर. आमच्या बॅचमध्ये तिच्याइतकं वाचणारं कोणी नाही. बेत ठरला तसा तिने अंडरग्राउंडचा दुसरा नकाशा उघडून माझ्यापुढे ठेवला. रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत एकही पायरी न लागता जाता येतं, अशी स्टेशनं दाखवणारा. 272 स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश. एंजल नाही, कॉव्हेंट गार्डन नाही, कॅम्डेन टाउन नाही, बेकर स्ट्रीटही नाही. 1863 साली सुरू झालेली रेल्वे, तेव्हा कोणी हा विचार केला नव्हता, हे मला कळतं. पण जे शहर मी माझं म्हणत होते त्यातला बराचसा भाग त्या नकाशावर उरलाच नव्हता. तिला याचं नवल नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, बसने जाऊ, लंडनच्या सगळ्या बसना रॅम्प असतो.

असतो. पण बस थांबली तर.

सकाळ छान गेली होती. किंग्ज क्रॉसला उतरून रीजंट्स कॅनॉलच्या काठाकाठाने आम्ही कॅम्डेनपर्यंत आलो. पाण्याला लागून सपाट वाट, नांगरून ठेवलेल्या लांबट होड्या, एका होडीच्या टपावर कुंड्यांतून लावलेली मिरचीची रोपं. ती स्वतःच चाकं फिरवत होती, मला हात लावू देत नव्हती. पण दोन किलोमीटरनंतर खांदे बोलायला लागतात. त्यात पाऊस आला. तिचे बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे चिंब झाले आणि चाकाची कडी हातातून सटकायला लागली. ज्यासाठी ती लंडनला आली होती ते ठिकाण अजून राहिलं होतं : 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये जिथे राहिले ते घर. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या आजोबांनी पेपरमधला त्या घराचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तो अजून तिथेच आहे.

पहिली बस आली. व्हीलचेअरच्या जागेत एक बाबागाडी उभी होती. ड्रायव्हरने काचेतूनच पंजा हलवला, दार बंद केलं आणि गेला.

दुसरी बस आली. त्या ड्रायव्हरने पुढचं दार उघडून मला विचारलं, हिला थोडं तरी चालता येतं का? खुर्ची घडी होते का? ती माझ्या बाजूलाच होती, हाताच्या अंतरावर. मी उत्तर द्यायला लागले, तोवर मागच्या रांगेतले चारजण चढले आणि तीही बस गेली. मी संतापून बडबडत होते. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे गं, पुढची बघू.’’

हे ‘जाऊ दे’ तिच्या तोंडी फार आहे आणि त्याचा मला राग येतो. तिच्यावर नाही. तिला ते म्हणायला शिकवणाऱ्यांवर. आपल्याकडे पदवीच्या परीक्षेला तिचा नंबर तिसऱ्या मजल्यावर आला होता. खाली एक वर्ग मिळावा म्हणून तिने महिनाभर आधी अर्ज दिला होता. आयत्या वेळी दोन शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं, सगळ्यांच्या देखत, सहा पेपर सहा वेळा. तिथल्या सरांनी वर सांगितलं, बघ, आपण किती मदत करतो. कॉलेजचं नाव घेत नाही. कारण तसं दुसरंही निघेल आणि तिसरंही.

मग तुमची बस आली, काका.

तुमच्याही बसमध्ये बाबागाडी होती. मला वाटलं, झालं. पण तुम्ही इंजिन बंद केलंत, केबिनमधून बाहेर आलात आणि त्या बाळाच्या आईशी बोललात. काय बोललात ते बाहेर ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की तुम्ही जरा वाकून बोलत होता आणि ती बाई मान हलवत होती. तिने बाळाला काखेत घेतलं, तुम्ही गाडी घडी करून तिच्या सीटशेजारी नीट टेकवून ठेवलीत. कोणावर कोणी ओरडलं नाही. मधल्या दारातून रॅम्प पीं पीं करत बाहेर आला. ती वर आली, पाठीच्या फळीला खुर्ची टेकवली, ब्रेक लावला. कार्ड काढायला तिने खिशात हात घातला तर तुम्ही हातानेच नको म्हणालात. लंडनच्या बसमध्ये व्हीलचेअरवाल्यांना तिकीट नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

कुठे उतरायचं ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. गुडघे वाकवून तिच्या नजरेच्या उंचीला आलात आणि तिला कोकणीत विचारलंत,

‘‘बाय, तुका खंय देंवपाचें?’’

स्टॉपवरचं आमचं मराठी तुमच्या कानावर पडलं असणार. ती क्षणभर बघतच राहिली. ‘तुका’ हा शब्द तिने घर सोडल्यापासून समोरासमोर कोणाकडून ऐकला नव्हता. आणि मग जी मुलगी लीड्समध्ये प्राध्यापकांशी तोलून-मापून इंग्रजी बोलते, ती तिच्या आजीच्या मालवणीत म्हणाली, ‘‘माका आंबेडकरांच्या घराकडे जावचा आसा.’’ तुम्ही हसलात. म्हणालात, ‘‘जायत, हांव सांगतां तुका.’’ आणि केबिनमध्ये परत गेलात.

एवढंच झालं. पण ‘तुला’ कुठे उतरायचं, हे तिला विचारणारे त्या अख्ख्या दिवसात तुम्ही पहिलेच होता. सकाळी ट्रेनमध्ये मदतनीसाने मला विचारलं, हिची सीट कुठली? कॉफीच्या दुकानात मुलीने मला विचारलं, त्यांना साखर हवी का? दुसऱ्या बसवाल्याचं वर सांगितलंच. आणि काका, मलाही हे तुमच्यामुळेच दिसलं की त्या प्रत्येक वेळी मी उत्तर दिलं होतं. तिची मैत्रीण म्हणून मिरवणाऱ्या मला एकदाही सुचलं नाही की म्हणावं, तिलाच विचारा. त्या रात्री मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘बरं झालं तुझं तुला कळलं, मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.’’

लंडनच्या बसमध्ये व्हीलचेअर मागे तोंड करून उभी राहते. त्यामुळे तिला पुढे काय येतंय ते दिसत नव्हतं, मागे गेलेलं तेवढं दिसत होतं. मी दांड्याला धरून तिच्यासमोर उभी होते. तिचा चेहरा मी पूर्ण वेळ पाहिला. ओल्या हातमोज्यांनी तिने दोनदा डोळे पुसले आणि गालावर चाकाची काळी रेघ उमटली. तीही मी पुसली नाही. तिला सांगितलं, तिनेच पुसली.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती आमच्या शहराची आहे. 2012 साली डग पॉली नावाचे गृहस्थ वेदरबीहून आमच्या लीड्सला यायला निघाले होते. तेही व्हीलचेअरवर. जागेत बाबागाडी होती, बाळाच्या आईने ती हलवायला नकार दिला आणि त्यांना बस सोडावी लागली. ते घरी जाऊन गप्प बसले नाहीत. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2017 मध्ये निकाल लागला की ड्रायव्हरने नुसती विनंती करून हात झटकणं पुरेसं नाही, आणखी प्रयत्न करायला हवा. म्हणजे तुम्ही जे केलंत ते या देशात एका माणसाने पाच वर्षं झगडून मिळवलेलं आहे. त्यांचेही आभार मानायला हवेत. पण तिच्या उंचीला येऊन, तिला कळेल त्या बोलीत विचारावं, असं कुठल्याही निकालात लिहिलेलं नाही. ते तुमचं स्वतःचं होतं.

तुम्ही आमचा स्टॉप आला तेव्हा पुन्हा बाहेर आलात. बस फूटपाथला इतकी चिकटवून लावली होतीत की रॅम्पला उतार असा जाणवलाच नाही. ‘‘हांव मडगांवचो,’’ म्हणालात. आणि तिला, पुन्हा तिलाच, ‘‘रस्तो ओलो आसा, सवकास वच.’’ आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत बस हलली नाही. बसमध्ये वीस-पंचवीस माणसं होती, एकानेही कुरकुर केली नाही. त्यांनाही धन्यवाद. साधी चांगुलपणाची रीत अशी एकाने सुरू केली की बाकीचे तिला अडवत नाहीत, हे मी पाहिलंय. ती सुरू करणारा माणूस मिळणं मुश्कील असतं.

आम्ही पोचेपर्यंत आत जायची वेळ संपत आली होती, पण तिला घाई नव्हती. भिंतीवरची गोल निळी पाटी, बाबासाहेबांचं नाव, 1921-22. ती बराच वेळ पाटीखाली थांबली. मग तिने मला ती गोष्ट आठवण करून दिली जी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते. 1901 साल. छोटा भीमराव आणि बरोबरची मुलं मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालेली. महार म्हटल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तेही पोरांनी बैल हाकायचे आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. पैसे घेऊनही सोबत बसायचं नाही. ती म्हणाली, ‘‘माझं दुःख आणि ते दुःख एक नाही, तेवढं मला कळतं. पण आज त्या बसमध्ये मला तो गाडीवान आठवला. आणि हे काका आठवतील आता त्याच्यासोबत.’’

मी तिला आणखी एक सांगितलं. बाबासाहेबांनाही लंडनला दुसऱ्यांदा यावं लागलं होतं. 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलं आणि 1920 मध्ये ते पुन्हा आले. मुंबईत सिडनॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज, यावर. तिला ते माहीत होतंच. तिला सगळं माहीत असतं.

काका, तुमच्या कंपनीला आम्ही वेळ, स्टॉप आणि बसचा नंबर कळवून तुमचं कौतुक लिहून पाठवलं आहे. तुमच्यापर्यंत पोचवू असं उत्तर आलं आहे. पण तिथे सगळं इंग्रजीत लिहावं लागलं आणि ‘तुका’चं इंग्रजी आम्हाला दोघींनाही करता आलं नाही. म्हणून हे इथे, मराठीत. मडगावात तुमचं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी तुम्हाला फोन करून सांगावं.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा येतोय. या वेळी बेत तिने आखलाय. एलिझाबेथ लाइनने सुरुवात, कारण 2022 साली उघडलेल्या त्या लाइनवर सगळ्या स्टेशनांत पायऱ्यांशिवाय प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येतं, आणि त्या दिवशी घर आतून पाहायचं. कॅम्डेनहून बसनेच जायचं असं तिचं ठाम म्हणणं आहे. पहिली आली तरी आणि तिसरी आली तरी.

शेवटची ओळ तिने सांगितली आहे, जशी सांगितली तशी लिहिते : देव बरें करूं, काका.

तुमच्या बसमधल्या दोघींपैकी उभी होती ती,
लीड्सहून