खजिनाशोधकांचे मेळावे कालबाह्य नाहीत

‘जीपीएसवरचा खजिनाशोध’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. एकाने डबा लपवून त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधून आतल्या नोंदवहीत नाव लिहायचे, असा हा छंद. मोबाइलमुळे या छंदाच्या मेळाव्यांची गरज संपली, हे त्यातील मत पटले नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. पण उपग्रह आजही काही मीटर अलीकडेच सोडून देतो. पुढे दगडाची कोणती फट आधी चाचपायची, नोंदवही भिजू नये म्हणून झाकणाची रबरी कड कशी तपासायची, हे आम्हाला मेळाव्यांतल्या जुन्याजाणत्यांनी शिकवले. थापाही भरपूर मारल्या, पण त्या ऐकण्यासाठीच तर निम्मे लोक येत! लेखकाने एखाद्या मेळाव्याला जरूर हजेरी लावावी.

– एक वाचक