छातीभर पाण्यात माझी आई बुडत होती : जलमार्ग मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

परवा टपालाने एक पाकीट आलं. बोट अपघाताबद्दल सात महिन्यांपूर्वी केलेल्या तक्रारीचं तीन ओळींचं उत्तर. सार असं, की त्या जागी पाणी फार खोल नव्हतं, कुणी दगावलं नाही, म्हणून प्रकरण बंद. एका महिन्यात चौकशी पुरी करू आणि तुमच्या आईंचा जबाब फोनवरून घेऊ, असा शब्द मला हे उत्तर पाठवणाऱ्या कार्यालयातूनच मिळाला होता. माझी आई त्याच कमी पाण्यात बुडत होती, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

केरळातल्या एका अरुंद कालव्यातून आम्ही चौदा जण छोट्या बोटीने चाललो होतो. दोन्ही काठ इतके जवळ की भीती कसली वाटणार! वळणावर समोरून मोठी हाउसबोट आली, वेग कमी न करता. कालव्यात पाण्याला पसरायला जागा नसते. मोठी बोट जाताना ते दोन बोटींच्या फटीतून जोरात धावतं, तिथला दाब उतरतो आणि लहान बोट मोठीकडे ओढली जाते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की आमचा चालक सुकाणू उलटं फिरवतो आहे आणि बोट ऐकत नाही. तेवढ्यात बोटीच्या पंख्यात जलपर्णी गुंतली, इंजिन बंद पडलं. पंखा थांबला की सुकाणूवर पाण्याचा झोत येत नाही, त्याचा जोर जातो. माणसं घाबरून उठली, एका बाजूला झाली. बोट कलंडली आणि बोटीच्या कडेला बसलेली आई पाण्यात गेली.

पाणी छातीभर होतं हे खरं. पण खाली गाळ होता. आईचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले, साडी पायांत गुंडाळली गेली, ती तोल जाऊन आडवी झाली. अडुसष्ट वर्षांची बाई. तिचा हात तेवढा वर दिसत होता. काठावरच्या एका माणसाने उडी टाकून तिला ओढून काढलं. त्याचं नावही मी विचारलं नाही, हे मला अजून छळतं.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. छातीत गढूळ पाणी गेलं होतं, त्याचा न्यूमोनिया झाला. आज ती डोक्यावरून पाणी घेत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसते. रोज पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन नद्यांची नावं म्हणणारी माझी आई!

लाइफ जॅकेटं बोटीत होती. पुढच्या बाकाखाली, पोत्यात घालून, नायलॉनच्या दोरीने गाठ मारून. आम्हाला कुणी दिली नाहीत, आणि कालवा एवढासा म्हणून आम्हीही मागितली नाहीत. अपघातानंतरच्या कागदावर मात्र त्या रकान्यात लिहिलं आहे : उपलब्ध. मंत्रिमहोदय, माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे. अंगावर जॅकेट असतं तर तिचं तोंड पाण्याबाहेर राहिलं असतं.

30 सप्टेंबर 2009 ला केरळातल्या थेक्कडीच्या तलावात बोट उलटून 45 पर्यटक बुडून मेले. तिथेही माणसं एका बाजूला झाली होती. 7 मे 2023 ला केरळातल्याच तानूरला 22. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका. त्याच वर्षी 21 मे ला आपल्या उजनीत 6. यातलं एकही पाणी समुद्राचं नव्हतं. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, एका राज्याचं प्रमाणपत्र देशभर चालतं. 2016 च्या कायद्याने तुमच्याकडे 111 राष्ट्रीय जलमार्ग आहेत. जलमार्ग जाहीर करायला उत्साह असतो, मग दोरीची गाठ सोडायला माणूस का मिळत नाही? माणूस मेला तर चौकशी आयोग, वाचला तर तीन ओळी. वाचलेल्या माणसाने सांगितलेली चूक कुणाच्याच उपयोगाची नाही का?

जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोटीचा दोर सुटता कामा नये, आणि तपासणी धक्क्यावर, माणसं बसलेली असताना व्हावी. किती माणसं चालतात तो आकडा बोटीच्या बाहेर, चढणाऱ्याला दिसेल एवढा मोठा रंगवा. अरुंद कालव्याच्या वळणावर मोठ्या बोटीने वेग कमी करून थांबावं आणि लहानीला आधी जाऊ द्यावं. यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

आणि आमचं प्रकरण पुन्हा उघडा. आईचा जबाब अजून कुणी घेतलेला नाही. फोन तिच्या उशाशीच असतो.

आपली,
एक मुलगी