येऊन-जाऊन बिघाडाची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'नेट सारखं जातं' अशी पत्रं आपल्या सदरात अधूनमधून वाचतो. राग बहुतेक वेळा कंपनीवर असतो. माझाही होता. जूनमध्ये मी तसंच एक तिखट पत्र लिहून ठेवलं होतं, पण पाठवायचं राहिलं. राहिलं ते बरंच झालं, कारण पुढे बराचसा दोष माझ्याच भिंतीत निघाला. थोडा मात्र खरोखर बाहेरचा होता, आणि तक्रारींची आत्ताची पद्धत पाहता तो कधी सापडलाच नसता. म्हणून हे पत्र नव्याने लिहितो आहे.

मी चिपळूणचा. दूरध्वनी खात्यात ३६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बाहेरच्या लाइनवर: खांब, डीपी बॉक्स (घरोघरच्या तारा जिथून फुटतात ती पेटी), जमिनीखालच्या केबलचे जोड. १९८ वर तक्रार आली की निघायचं. आमच्याकडे बिघाड दोन जातींचे. एक सरळ 'डेड'. तार तुटली, फोन मेला. हा सापडायला सोपा, कारण तो जागचा हलत नाही. दुसरा येऊन-जाऊन. सर आली की खरखर, ऊन पडलं की साफ. तुम्ही शिडी लावून वर चढलात की लाइन अगदी शहाण्या मुलासारखी वागते. अशा एकेका बिघाडापायी आम्ही एकाच डीपीवर आठ-आठ दिवस चढलो आहोत.

माझी सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. यंदा मे महिन्यात तिच्यासाठी आम्ही जास्त वेगाचा प्लॅन घेतला, त्याबरोबर कंपनीने नवा राउटर दिला. तिच्या संगणकाला वायफाय नाही, थेट केबल आहे. राउटर पुढच्या खोलीत, तिचं टेबल मागच्या खोलीत, मध्ये भिंतीतून गेलेली केबल. नवा राउटर आला आणि दुखणं सुरू झालं. मीटिंगमध्ये समोरचं चित्र गोठायचं, पाच-सात सेकंदांनी पुन्हा हलायचं. दिवसातून कधी दोनदा, कधी आठदा. "बाबा, नेमकं माझी बोलायची पाळी आली की जातं," ती म्हणायची, "तिकडच्यांना वाटतं मी उत्तर टाळते."

तक्रार केली. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, दिवे हिरवे आहेत ना? मग आमच्याकडून लाइन ओके आहे. एकदा बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." केलं. अर्ध्या तासात मोबाइलवर संदेश: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. असं पाच वेळा झालं. एकदा एक मुलगा घरी आला, राउटर बदलून दिला, स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला, चहा घेतला आणि "चालू आहे की काका" म्हणून गेला. चालू होतंच. बंद करून चालू केलं की सगळी जोडणी नव्याने होते आणि काही तास बरे जातात, त्यामुळे या उपायाला यश आल्यासारखं वाटतं. येऊन-जाऊन बिघाडाला आपोआपही बरे तास असतातच, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग मी माझ्या जुन्या रीतीने घेतलं. लाइनमनची रीत एकच: लाइन मधोमध तोडून बघायची, दोष इकडे की तिकडे. इथे तोडायचीही गरज नव्हती. सुनेच्या संगणकावर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरातल्याच राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग. दुसरीतून बाहेरच्या जगातल्या ८.८.८.८ ला. पिंग म्हणजे हाक मारायची आणि ओ येते का बघायचं, एवढंच. राउटर ओ देतो आणि बाहेरून ओ येत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्हीकडची ओ एकदम थांबली, तर दोष घरात. शेजारी शंभरपानी वही ठेवली. नेट गेलं की सून वेळ लिहायची आणि कोणती खिडकी थांबली ते लिहायची. तिसऱ्या दिवशी मी पावसाचाही रकाना आखला. सवय, दुसरं काय.

बारा दिवसांत ४७ नोंदी झाल्या. त्यातल्या ४३ वेळा दोन्ही खिडक्या एकदम गेल्या होत्या, आणि त्यावर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ऐवजी 'जनरल फेल्युअर' अशी ओळ. टाइम्ड आउट म्हणजे हाक गेली, ओ आली नाही. जनरल फेल्युअर म्हणजे हाक संगणकाच्या तोंडातूनच बाहेर पडली नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरात सौ.च्या मोबाइलवर वायफायवरून कीर्तन अखंड चाललेलं. आता कंपनीला शिव्या द्यायला तोंड राहिलं नाही.

केबल खराब असेल, हे पडताळायला राउटरपासून टेबलापर्यंत जमिनीवरून नवी केबल टाकली. दोन दिवस सगळे जण ती ओलांडत फिरलो, नातू दोनदा अडखळला, पण 'जनरल फेल्युअर' एकदाही नाही. म्हणजे दोष भिंतीत. विंडोजच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग दिसतो, तोही बघितला. भिंतीतल्या केबलवर तो कधी १००० एमबीपीएस दिसायचा, कधी १००. जमिनीवरच्या केबलवर कायम १०००.

भिंतीतलं आयओ बॉक्स, म्हणजे केबलचं टोक जोडतात ती खोबणी, उघडलं आणि मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, विजेच्या सगळ्या तारा नव्या ओढल्या. हे बॉक्स जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे ते पाण्यात बुडालं होतं. चिखल धुतला, ऊन दाखवलं, नेट चाललं, म्हणून तसंच ठेवलं. आत तारांच्या तपकिरी जोडीच्या खाचेत हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. तारेचं टोक नखाने दाबलं तर तुटून हातात आलं. ब्लेडने थोडं खरवडलं, तर वरचं तांबडं निघून खाली चांदीसारखी चमक. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. ओल्या जोडांशी ३६ वर्षं भांडलो आणि स्वतःच्या भिंतीत एक जपून ठेवला होता.

चार वर्षं मग ते चाललं कसं, हा प्रश्न सुनेनेच विचारला. उत्तर नव्या राउटरमध्ये होतं. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. जुना राउटर १०० एमबीपीएसचा, त्याला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागायच्या. तपकिरी सडली काय, राहिली काय, त्याला पत्ताच नव्हता. नव्याला १००० साठी चारही लागतात. हवेत ओल वाढली की तपकिरी जोडी हात सोडायची, जोडणी तुटायची, राउटर आणि संगणक पुन्हा बोलणी करून कधी १००० वर तर कधी १०० वर समेट करायचे. त्या समेटाचे ते पाच-सात सेकंद. दिवे मात्र हिरवेच.

जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून आतून ओढली, पूर्ण तांब्याची. बॉक्स नवं, आणि पुराच्या खुणेच्या वर. टोकं मीच क्रिम्प केली, म्हणजे पकडीने दाबून प्लग बसवले. पहिली दोन वाया गेली, नजर आता पूर्वीची नाही.

राहिल्या चार नोंदी. त्यात राउटर ओ देत होता आणि बाहेरचं जग गप्प होतं. चारही वेळा पावसाच्या रकान्यात 'जोराची सर, वारा' लिहिलेलं, आणि दोनदा सुनेने पुढे 'लाल दिवा लुकलुकला' असंही लिहिलं होतं. हा दोष कंपनीकडचा. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच: आत्ता चालू आहे ना, मग तक्रार बंद. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांनी कंपनीकडे अपिलाची सोय ठेवली आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. तक्रारीचा क्रमांक घेऊन ठेवायचा, निवारण पटलं नाही तर अपील करायचं. मी केलं, सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले. आठवड्याने जो मुलगा आला त्याच्या हातात पहिल्यांदा पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला प्रकाश मोजायचं यंत्र, होता.

खांबावरून घरात नेट येतं ते फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात. घरातल्या पेटीशी, म्हणजे जिथे फायबर येऊन मिळतं तिथे, प्रकाश भरला उणे २७.४ डीबीएम (हे प्रकाशाचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). खांबावरच्या पेटीत उणे २१. मुलगा म्हणाला, "काका, घरचं उपकरण सव्वीस-सत्तावीसपर्यंतच तग धरतं." तीन डीबी उतरले की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे खांबापासून घरापर्यंतच्या चाळीसेक मीटरमध्ये पाऊण प्रकाश गळत होता. गळती दिसलीही लगेच. फायबर आमच्या फणसाच्या फांदीवरून वळवून बाइंडिंग वायरने करकचून आवळलं होतं. तांब्याची तार अशी आवळली तर तिला फरक पडत नाही, पण आत काचेचा तंतू आहे. वळण फार तीव्र झालं की उजेड वळणावरच बाहेर पडतो. वाऱ्याने फांदी हलली की आणखी. त्याने तो तुकडा कापला, नवा जोड दिला, पुन्हा मोजलं: उणे २१.३. पाऊण तासाचं काम. मुलगा हुशार होता. मी विचारलं, मीटर आधी का नाही आणला? तर म्हणाला, तक्रारीत 'नेट बंद' असेल तरच मीटर घेऊन पाठवतात, 'स्लो' असेल तर राउटर घेऊन. येऊन-जाऊन असा खानाच नाही.

माझं म्हणणं एवढ्यावरच आहे. नियम नाहीत असं नाही. ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम ट्रायने २००६ मध्ये केले, नवे एकत्रित नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा याचा हिशोब त्यात आहे. पण सात सेकंद जाऊन परत येणारी लाइन कुणाच्याच हिशोबात 'बिघडलेली' नसते. उलट तिच्यामुळे आकडे सुधारतात: पाच तक्रारी, पाचही अर्ध्या तासात निकाली! आमच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनचं फॉल्ट कार्ड असे. तारीख, काय तक्रार, काय सापडलं, कुणी केलं. त्याच नंबरचं कार्ड पुन्हा पुन्हा वर आलं की साहेब विचारायचे, 'टेस्टेड ओके' लिहून घरी पाठवायचे नाहीत. आज संगणक असताना हे जमू नये? एकाच घरातून महिन्यात तिसरी तक्रार आली तर न मागता मीटर घेऊन माणूस यावा, आणि जोडणीच्या दिवशी किती प्रकाश मिळाला तो आकडा पेटीवर चिकटवून जावा. त्याला पैसेही लागत नाहीत.

आणि ग्राहकांनीही फोन उचलण्याआधी दोन खिडक्या उघडून बघाव्यात. राउटरचा अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका गरम तर नाही ना, तेही बघावं. माझ्या साडूंकडे सगळा खेळ त्या अडॅप्टरचाच निघाला. चिपळूण, महाड, सांगलीसारख्या पाण्यात गेलेल्या गावांत ज्यांनी खालचे आयओ बॉक्स धुऊन ठेवले असतील, त्यांनी ते एकदा उघडावेत.

आमच्या पेटीवर मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा चिकटवला आहे. त्यावर 'उणे २१.३' आणि तारीख. खाली सही करायला त्या मुलाला सांगितलं, तो आधी हसला, मग केली.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
चिपळूण